पुस्तकाचं काय ते विचारा: सगळं जागच्या जागी ठेवणारी मेसी

उन्हाळी वाचनाच्या यादीत मागच्या अंकात सारा डेसन या अमेरिकन लेखिकेच्या 'द ट्रुथ अबाउट फॉरेव्हर'वर चार ओळी लिहिल्या होत्या. एवढंच की सोळा-सतरा वर्षांच्या एका अति शिस्तीच्या मुलीची गोष्ट आहे, प्रेमकथा आहे, २००४ सालची आहे पण अजून शिळी झालेली नाही, वाचा. तर या वेळी मेलबॉक्स उघडला तर निम्मी पत्रं त्याच्यावरच. त्यात आया आहेत, मुली आहेत, एक बाबापण आहेत. म्हणून या महिन्यात दुसरं पुस्तक घेतलंच नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तुमची यादी वाचून तिनेच हे पुस्तक मागवलं आणि दोन रात्रीत संपवलं. मुलगी खूप शहाणी आहे हो, टाइमटेबल भिंतीवर, रंगीत पेनांनी नोट्स, क्लासची टेस्ट असेल तर घरात पाहुणेसुद्धा नकोत तिला. दोन मार्क कमी पडले तर जेवत नाही. आता हे प्रेमाचं पुस्तक वाचून तिचं लक्ष उडणार नाही ना? आणि 'मोकळं व्हा' असंच सांगत असेल तर मग अभ्यासाचं काय? (एक आई, नाशिक)

उत्तर: आधी तुम्हाला गोष्ट सांगते, म्हणजे तुमची धडधड थांबेल. निदान वेगळ्या कारणासाठी सुरू होईल.

मेसी क्वीन नावाची मुलगी आहे. तिला आणि तिच्या बाबांना धावायचं वेड, दोघं सकाळी बरोबर पळायला जाणारे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिला उठवायला येतात, ही अंथरुणातच लोळत राहते, मग थोड्या वेळाने मागून निघते आणि पोचते तेव्हा बाबा रस्त्यावर कोसळलेले असतात, हार्ट अटॅक. गोष्ट सुरू होते ती याच्या दीडेक वर्षानंतर. तोवर मेसीने धावणं सोडलंय, रडणं तर कधी सुरूच केलेलं नाही, आणि कुणीही विचारलं की ती सांगते मी एकदम ठीक आहे. केस नीट, कपडे नीट, मार्क नीट. बॉयफ्रेंड आहे जेसन, तोही असाच, प्रत्येक गोष्टीची यादी करणारा, उन्हाळ्याच्या सुट्टीत 'ब्रेन कॅम्प'ला जाणारा. जाताना तो लायब्ररीतल्या माहिती टेबलावरचं आपलं काम मेसीला देऊन जातो आणि ती तिथे दोन अतिहुशार मुलींच्या मध्ये बसते, ज्या तिच्याशी धड बोलतसुद्धा नाहीत.

आता बघा, यात मेसीवर कडक नजर ठेवणारं, ओरडणारं कुणीच नाहीये. आई स्वतःच्या घरबांधणीच्या धंद्यात बुडालेली. मेसीला आवळून ठेवलंय ते मेसीनेच. त्या दिवशी मी वेळेवर उठले असते तर, हा विचार तिच्या डोक्यात पक्का बसलाय, म्हणून आता तिला कुठेच उशीर नको, कुठेच चूक नको. एकदा चुकलं आणि बाबा गेले, असा तिचा हिशोब आहे. तो ती कुणाला बोलून दाखवत नाही, म्हणून तो कुणी खोडूनही काढत नाही.

मग तिच्या आईच्या एका कार्यक्रमात 'विश' नावाची केटरिंगची टीम येते. मालकीण डीलिया गरोदर, दिवस भरत आलेले, ट्रे पडतायत, काहीतरी घरी विसरलंय, कुणीतरी कुणाला तरी शोधतंय आणि तरी शेवटी सगळ्यांना खायला मिळतं. मेसी ते बघते आणि पुढे एक दिवस स्वतःहून त्यांच्यात कामाला लागते. पुस्तकाचा जीव इथे आहे. तिकडे क्रिस्टी आहे, अपघाताचे व्रण चेहऱ्यावर घेऊन सगळ्यात झगमगीत कपडे घालणारी. तिची बहीण मोनिका आहे, जी दिवसभरात दोन-तीनच शब्द बोलते. बर्ट आहे, ज्याला जगबुडी कधी येणार याची भारी काळजी. आणि बर्टचा मोठा भाऊ वेस. हो, तोच तो मुलगा. पण त्याच्याशी प्रेम जमायला पुस्तक जवळजवळ संपावं लागतं, मधली सगळी पानं ही मंडळी नुसती काम करतायत, ट्रे धुतायत, गाडीत बसून गप्पा मारतायत.

तर लक्ष उडेल का? प्रेमामुळे तर नाही उडणार. मला तुमच्या पत्रातलं 'जेवत नाही' जास्त टोचलं. दोन मार्कांसाठी जेवण सोडणारी मुलगी शहाणी आहे म्हणून तुम्ही कौतुकाने लिहिलंत, मी ते तीनदा वाचलं. तिच्याशी बोला, पण प्लीज 'बघ मेसीसुद्धा कशी सुधारली' असं नका म्हणू, नाहीतर मोकळं होणं हाही एक विषय होईल आणि त्यातही तिला पैकीच्या पैकी हवे असतील. त्यापेक्षा पुढच्या महिन्यात नात्यात कुठे मुंज, साखरपुडा असेल तर तिला पंगतीत वाढायला उभी करा. वरण सांडेल, भात कमी पडेल, कुणीतरी आजोबा मीठ मीठ म्हणून ओरडतील, आणि कुणी मार्क देणार नाही. आणि जेवण सुटणं नेहमीचं झालं असेल तर शाळा-कॉलेजच्या समुपदेशकांना नाहीतर डॉक्टरांना भेटाच, ते काम कादंबरीचं नाही.

प्रश्न: मी १७ची आहे. मला जेसनचा इतका राग आला की बस! मेसी त्याला आय लव्ह यू लिहून पाठवते आणि तो म्हणतो आपण ब्रेक घेऊ?? आणि ही बाई त्याची वाट बघत बसते? आणि माझी मैत्रीण म्हणते मेसी बोअर आहे, वेस बेस्ट आहे. तुमचं काय? (पुणे)

उत्तर: अगं, जेसनचा राग यावा म्हणूनच तो तसा लिहिलाय, आणि माझी तक्रार तीच आहे. त्याला लेखिकेने माणूस होऊच दिलं नाही. ईमेलसुद्धा ऑफिसच्या मेमोसारखे लिहितो, मेसीने पत्राच्या शेवटी आय लव्ह यू लिहिलं तर हा उत्तर देतो की आपल्या अपेक्षा जुळत नाहीयेत, मी परत येईपर्यंत थांबू. असा मुलगा सोडून देणं कुणालाही सोपं. तोच जर थोडा प्रेमळ असता, फक्त मेसीला पुरेसा नसता, तर निर्णय अवघड झाला असता आणि पुस्तक जास्त चांगलं झालं असतं.

ती वाट का बघते याचं उत्तर मात्र पुस्तकात बरोबर आहे असं मला वाटतं. जेसन तिला बाबांबद्दल काही विचारत नाही, हे तिला हवंच आहे. बाकीचे लोक तिच्याकडे बिच्चारी म्हणून बघतात, जेसन तिच्याकडे नीटनेटकी मुलगी म्हणून बघतो. तिला वाटतं याच्यासारखं वागलं की पुढे काही बिघडणार नाही. त्याच्यात तिला सुरक्षित वाटतं, प्रेम वगैरे नंतरची गोष्ट.

मैत्रिणीला सांग की मेसी बोअर वाटते ते पहिल्या काही प्रकरणांत, आणि ते मुद्दाम आहे, कारण ती स्वतःच्या गोष्टीतसुद्धा कोपऱ्यात उभी असते. टीव्हीवर जाहिरात दिसली की वस्तू मागवायच्या असा तिच्या बाबांचा नाद होता, कसली कसली जुगाड यंत्रं, आणि ते गेल्यावरही त्या कंपनीची खोकी घरी येत राहतात. मेसी ती उघडत नाही, फेकतही नाही, कपाटात लपवून ठेवते. ही मुलगी बोअर आहे? मला तर तिथे पुस्तक मिटून जरा वेळ बसावं लागलं.

वेसबद्दल बोलायचं तर, छान आहे, नाही कोण म्हणतंय. भंगारातल्या लोखंडाची शिल्पं करतो, आई कॅन्सरने गेलेली, धाकट्या भावाला सांभाळतो, कधीकाळी काहीतरी उद्योग करून सुधारगृहाच्या शाळेत जाऊन आलाय, दिसायला असा की क्रिस्टी त्याला बघून उसासेच टाकते, आणि वर समोरच्याचं ऐकून घेतो! एवढं सगळं एकाच मुलात, मग नशीबच म्हणायचं. पण त्या दोघांचा खेळ मला फार आवडतो. खरं-खरंचा. एकाने काहीही विचारायचं, दुसऱ्याने खरं तेच सांगायचं, टाळलं की हरण्याची पाळी. हा खेळ अख्खा उन्हाळा चालतो, कधी गाडीत, कधी कामाच्या मधे. लेखिकेची हुशारी बघ, जी मुलगी दीड वर्षं 'मी ठीक आहे' सोडून काही बोललेली नाही तिला बोलायला लावायचं तर कुणीतरी तिला मिठीत घेऊन 'रड' म्हणायची गरज नाही, एक नियमांचा खेळ द्यायचा. नियम पाळायची तर तिला सवयच आहे!

आणि दोघांचंही दुसरीकडे कुणीतरी आहे, म्हणून आपण फक्त मित्र आहोत असं दोघं एकमेकांना सांगत राहतात, ते वाचताना तुला ओरडावंसं वाटलं असेल तर मलाही वाटलं.

प्रश्न: मी शाळेत ग्रंथपाल आहे. नववी-दहावीच्या कपाटात हे पुस्तक ठेवावं का? पालक तक्रार करतील अशी भीती वाटते. लेखिकेची बाकीची पुस्तकंही सरसकट घ्यावीत का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: हे ठेवा. वडिलांचा मृत्यू आहे, तरुण मुलांच्या पार्ट्या आहेत ज्यात बिअर दिसते, प्रेम आहे ते चुंबनापर्यंत. साडेतीनशेच्या वर पानं असली तरी इंग्रजी सोपं आहे, सेमी-इंग्लिशची मुलं वाचू शकतील, पहिली पन्नास पानं जरा हळू जातात एवढंच.

सरसकट मात्र घेऊ नका. कव्हरं सगळ्यांचीच गोडगोड असतात आणि आत तसं नसतं. 'ड्रीमलँड' (२०००) मध्ये मुलीला मारणारा बॉयफ्रेंड आहे, 'जस्ट लिसन' (२००६) मध्ये लैंगिक हल्ला आणि बहिणीचा खाण्याचा आजार आहे. दोन्ही चांगली आहेत, गरजेचीही आहेत, पण अकरावीच्या पुढे द्या आणि देताना आत काय आहे ते मुलीला सांगून द्या. पालकांना काही दाखवायचंच असेल तर हे दाखवा, की किशोरांसाठीच्या एकूण लेखनाबद्दल अमेरिकन ग्रंथालय संघटनेकडून दिला जाणारा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार २०१७ साली सारा डेसनला मिळाला, आणि त्यासाठी ज्या पुस्तकांची नावं घेतली त्यात हेही आहे. ग्रंथपालांनीच दिलेला पुरस्कार आहे म्हणजे तुमच्याच लोकांनी.

प्रश्न: नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला असतो. मासिक आई पुण्याहून पाठवते. मुलीने हे पुस्तक वाचून मला सरळ सांगितलं की 'बाबा, तुम्ही मेसीच्या आईसारखे आहात.' मी वाचलेलं नाही. हे चांगलं की वाईट? आणि ते गाव खरंच इथलंच आहे का? (एक बाबा)

उत्तर: गावाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. लेकव्ह्यू हे पुस्तकातलं गाव कल्पनेतलं, पण लेखिका वाढली चॅपेल हिलमध्ये, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. आई-वडील दोघंही तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे. सुरुवातीला लिखाण चालू असताना ती तिथल्याच 'फ्लाइंग बरिटो' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होती, आणि तो अनुभव या पुस्तकात दिसतो बरं का. ट्रे घेऊन लग्नाच्या गर्दीतून फिरताना लोक तुमच्याकडे बघतच नाहीत, तुमच्या ट्रेकडे बघतात, आणि त्यात मेसीला कसं हायसं वाटतं, हे ज्याने ट्रे धरलाय त्यालाच सुचेल.

आता आईचं. मेसीची आई दुष्ट नाही. नवरा गेल्यावर तिने स्वतःला कामात गाडून घेतलंय, एका घरकुल प्रकल्पाची विक्री, मीटिंगा, फोन, घरी आल्यावरही फोन. मुलगी नीट आहे ना, मार्क नीट आहेत ना, मग एक काळजी कमी, असं तिचं चाललंय. मोठी मुलगी कॅरोलाइन समुद्रकाठचं बाबांचं जुनं घर दुरुस्त करू म्हणते तर ती विषय टाळते. आणि मेसी जेव्हा नव्या मित्रांबरोबर हसायला लागते, उशिरा घरी यायला लागते, तेव्हा आईला फक्त उशीर दिसतो. केटरिंग बंद, बाहेर जाणं बंद. मुलगी दीड वर्षाने पहिल्यांदा हसली हे तिला कळतच नाही हो.

म्हणजे तुमच्या मुलीने तुम्हाला खलनायक नाही म्हटलेलं. ती बहुतेक असं म्हणतेय की बाबा तुम्हालाही काहीतरी झालंय आणि तुम्ही ते सांगत नाही. हा माझा अंदाज, घरातलं तुम्हाला माहीत. पण एक करा, पुस्तक वाचा, आणि वाचून लगेच लेक्चर देऊ नका. त्यात डीलियाच्या घराच्या रस्त्यावर एक मोठा खड्डा आहे, सगळे म्हणतात बुजवून टाक, ती म्हणते असू दे, आपण वळसा घालून जाऊ. (आपल्याकडे पालिकेचंही हेच धोरण आहे, पण ते सोडा.) त्या खड्ड्याबद्दल मुलीला काय वाटलं ते विचारा. तिथून बोलणं सुरू होईल असं मला वाटतं, मार्कांपासून होणार नाही.

आणि हो, तिकडे सोळाव्या वर्षी सुट्टीत नोकरी करतात, तुमच्या मुलीनेही विचारलं असेल. 'आपल्याला पैशांची काय गरज' हे उत्तर देऊ नका.

प्रश्न: मला अशी कादंबरी मराठीत लिहायची आहे. मुलगी कडक शिस्तीतली, क्लासला जाणारी, मग एक बिनधास्त मुलगा भेटतो आणि ती जगायला शिकते. मराठीत अशी पुस्तकं का नाहीत? प्रकाशक घेतील का? (एक नवोदित लेखिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: प्रकाशकाचं मी कसं सांगू, आधी लिहून तर पूर्ण करा. पण अगदीच नाहीत असं नका म्हणू. गंमत म्हणजे ज्या २००४ साली हे पुस्तक आलं त्याच वर्षी मिलिंद बोकीलांची 'शाळा' आली, आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं आणि त्यांचं पहिलं प्रेम. फरक असा की ती गोष्ट मुकुंदाच्या तोंडून आहे. त्याला आवडणारी शिरोडकर आपल्याला फक्त त्याच्या डोळ्यांनी दिसते. घरी गेल्यावर, वही उघडल्यावर तिच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला कळतच नाही. तुम्ही ती बाजू लिहायला बसलात तर मी पहिली वाचक.

फक्त तुमच्या कथेतला तो बिनधास्त मुलगा मला खटकला. बुलेटवरून येणार, तिला घाटात मॅगी खाऊ घालणार, आणि ही सुधारणार, असंच ना? मग तिच्यावर आधी बाबांचा कंट्रोल होता आता याचा, तिने स्वतः काय केलं? डेसनने वेसला मेसीचा डॉक्टर केलं नाही म्हणून ते पुस्तक टिकलंय. मेसी आधी काम मागायला जाते, मग मैत्रिणी होतात, मग रात्री घरी उशीर होतो, आणि मुलगा या सगळ्याच्या मधे कुठेतरी आहे. शेवटी आईचा इतके दिवस आखलेला मोठा समारंभ पावसापाण्याने विस्कटतो तेव्हा मेसी घाबरत नाही, कारण तोवर तिने असे बरेच समारंभ आतल्या बाजूने बघितलेत. हे बळ तिला स्वयंपाकघरातून आलंय.

तुमच्या मुलीला एक जागा शोधा. क्लास आणि घर सोडून तिसरी. मामाचं मेडिकलचं दुकान, गणपती मंडळाचं ढोल पथक, आत्याची खानावळ, काहीही, पण जिथे ती नवखी आहे आणि तिच्यापेक्षा कमी मार्कांची पोरं तिला शिकवतायत. आणि ती इतकी घट्ट का झाली याचं कारण पहिल्या पानाआधी तुमच्याकडे पाहिजे. आई-बाप कडक आहेत हे कारण पुरत नाही, कडक आई-बापांची निम्मी पोरं छान खोटं बोलून सिनेमाला जातात. तिने तसं का केलं नाही ते शोधा. आणि हो, विनोद ठेवा प्लीज, आपल्याकडे किशोरांचं पुस्तक म्हटलं की सगळे एकदम संस्कारवर्गाला बसल्यासारखे बोलायला लागतात.

प्रश्न: हे संपलं, आता याच टाइपचं पुढे काय वाचू? सिनेमा असेल तरी चालेल. (११वी, ठाणे)

उत्तर: तिचंच 'अलाँग फॉर द राइड' (२००९) घे. ऑडन नावाची मुलगी, आई-वडील दोघंही विद्वान आणि विभक्त, ही लहानपणापासून मोठ्यांसारखी वागत आलेली, रात्र-रात्र झोप नाही. सुट्टीत समुद्रकाठच्या कोल्बी गावात बाबांकडे राहायला जाते, तिथे सावत्र आई आणि नुकतं जन्मलेलं रडकं बाळ. लहानपणी जे जे राहून गेलं ते रात्री-अपरात्री करत सुटते, सायकलसुद्धा आत्ता शिकते. मला यातली सावत्र आई हायडी फार आवडली, सुरुवातीला गुलाबी बावळट वाटते आणि नंतर कळतं बाई किती पक्की आहे. यावर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, दिसायला सुंदर आहे पण घाईघाईत उरकलाय, मित्रमंडळींच्या गप्पा निम्म्या गेल्यात. आधी पुस्तक वाच, मग सिनेमा मैत्रिणींबरोबर बघ आणि मनसोक्त नावं ठेव.